दोन बोटं डावीकडं

१

पाइप दोन बोटं डावीकडं गेला होता. गाडीच्या मागच्या बंपरला पाइपापुरती अर्धगोल खाच असते, तिच्या मधोमध त्याचं तोंड यायला हवं. ते खाचेच्या डाव्या कडेला जाऊन टेकलं होतं. श्रीनिवासकाकांनी गाडी चालू केली तेव्हा बंपरभर असा खडखडाट उठला की समोरच्या टपरीवरची माणसं माना वळवून बघायला लागली.

काकांनी गाडी बंद केली. सत्तरीचा माणूस, गारखेड्याहून मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. उद्या रविवार, लग्नाला पंचेचाळीस वर्षं होणार, आणि भानुमतीकाकूंना याच जुन्या, लांब नाकाच्या गाडीतून पैठणला न्यायचं त्यांनी महिन्याभरापूर्वीच ठरवून टाकलेलं. ते खाली उतरले, त्यांनी पाइपाकडे बघितलं आणि मग शालूकडे.

"अगं, सकाळी फोनवर तूच म्हणालीस ना, अगदी मधोमध बसलाय म्हणून?"

साडेअकराला तो मधोमधच होता. हा नवा स्टेनलेसचा पाइप तिनं आपल्या हातानं बसवला होता, गाडी चालू करून कान देऊन ऐकली होती आणि मालकांना बोलावून दाखवली होती. बद्रीनाथ मालकांनी खाचेत बोटं घालून मोजलं होतं. पाइपाच्या डावीकडं दोन बोटं जागा, उजवीकडं दोन बोटं. नंतर एकला ती जेवायला घरी गेली, अडीचला परत आली, तीनला काका आले, आणि आता हे.

पडेगावात दौलताबाद रोडला लागून असलेल्या त्या गॅरेजच्या दारात एक काळा फळा आहे. त्यावर ना भाव लिहिलेले, ना सुविचार. बद्रीनाथचा कायदा असा, की ज्याच्या हातून चूक होईल त्यानं ती स्वतःच्या अक्षरात, नावासकट फळ्यावर लिहायची आणि आठ दिवस पुसायची नाही. गिऱ्हाईक गाडी सोडायला आलं की आधी फळा वाचतं, मग चावी देतं. सात वर्षांत त्या फळ्यावर दोनच नावं आलेली नाहीत. एक इंजिनवाल्या सार्थकचं. दुसरं खुद्द मालकाचं, कारण कायदा करणाऱ्याची चूक कोण काढणार?

मालकांनी हात पुढे केला. "शालू, सहा महिने बघतो म्हनलो होतो. आज सहा महिने झाले. वेल्डिंगच्या खोलीची किल्ली ठेव इथं. आन् खडू घे."

ती किल्ली शालूच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात होती. त्याआधी चार वर्षं तिनं वाळूजच्या कारखान्यात ठेक्यावर काढली होती. शिफ्टच्या बसमध्ये पेंगत जायचं, दिवसभर एकाच पट्टीला एकच टाका मारायचा, पेंगत घरी यायचं. आपण जोडतोय ते शेवटी कुठल्या गाडीला लागतं, हेही कुणी कधी सांगितलं नाही. इथं तिला अख्ख्या गाड्या मिळाल्या, आपली खोली मिळाली. आज कायम व्हायचं होतं. आज सकाळी साडेअकरापर्यंत तर ते झाल्यातच जमा होतं.

तिनं दोरा काढला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"माझी चूक निघाली तर मी सोता लिहीन, मालक. पन पाइप सरकला कसा, ते आधी बघू द्या. सहापर्यंत."

"आन् सहाला नाय कळलं तर?"

"तर किल्ली हाय की तिथंच."

ती गाडीखालच्या खड्ड्यात उतरली. बॅटरीचा झोत पहिल्या नटावर पडला आणि ती जागच्या जागी थांबली.

२

आता शालूची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

तिचे वडील सूर्यभान मेंढरं राखतात. पावसाळ्यानंतर दोन-तीन घरांचे कळप एकत्र चालतात, म्हणून जो तो आपापल्या मेंढराच्या पाठीवर रंगाची रेघ ओढून ठेवतो. सूर्यभानची रेघ लाल. पोरीनं ती रेघ गॅरेजात आणली. नट घट्ट झाला की ती लाल ऑइलपेंटची बारीक रेघ ओढते, अर्धी नटावर आणि अर्धी खालच्या क्लॅम्पवर. पुढं कुणी तो नट केसभर जरी फिरवला तरी रेघ तुटते. पहिल्या महिन्यात सगळे हसले होते. सार्थक तर "मेंढरं मोजून झाली का?" असं रोज विचारायचा.

या पाइपावर पाच नट होते आणि पाच रेघा. तिनं एकेक बघितली. पाचही अखंड. कुणी नट सोडून परत आवळून वर नवी रेघ ओढली म्हणावं, तर ऑइलपेंट वाळायला तीन तास तरी लागतात. तिनं प्रत्येक रेघेवर बोट घासलं. बोट कोरडं राहिलं. रंगाचा डबा वेल्डिंगच्या खोलीत कुलपात होता आणि जेवताना किल्ली तिच्या गळ्यात होती.

म्हणजे पाइपाला कुणीच हात लावला नव्हता. तरी तो सरकला होता.

"काय दिसलं का?" वरून मालकांनी विचारलं.

"दिसलं. पन डोकं फिरायची पाळी आलीया."

बॅटरी घेऊन ती इंजिनाखाली सरकली. तिथं तेलाचं चेंबर असतं, इंजिनाचं सगळ्यात खालचं पोट. जुन्या गाडीचं ते, वर्षानुवर्षांच्या काळ्या चिकट मळानं माखलेलं. त्या मळात तळहाताएवढा एक चौकोन दबून स्वच्छ झाला होता. चारी कडा सरळ, कुणी मुद्दाम आखल्यासारख्या. सकाळी तीन तास ती याच पोटाखाली होती. तेव्हा हा चौकोन नव्हता.

३

पाइप बनवणारा मंदार समोरच्या टपरीवरच बसला होता. वाळूजला त्याचं छोटं वर्कशॉप आहे, जुन्या गाड्यांना स्टेनलेसचे सायलेन्सर बनवतो. चाळिशीचा, बोलणं नेमकं, कशाचंही माप मिलिमीटरमध्येच सांगणार. शालूला येताना बघून त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

या दोघांचं गुरुवारीच वाजलं होतं. गुरुवारी पाइप पहिल्यांदा लावून बघितला तर तो खाचेच्या उजव्या कडेला टेकला. मंदार म्हणाला, "माझं माप बरोबर आहे, पंधरा दिवसांपूर्वी याच गाडीखाली झोपून घेतलंय." शालू म्हणाली, "तुमचं माप काय म्हनतं ते मला ठाव नाय, बंपर काय म्हनतो ते बघा." अखेर तिनं मधला जोड सैल केला, पाइपाचा मागचा भाग थोडासा फिरवला आणि तोंड मधोमध आणलं. मंदार न जेवता निघून गेला होता.

"दुपारी आला होता तुम्ही?"

"दीडला. फोटो काढायला."

"काढला का?"

"नाही काढला. फिरवलेल्या जोडाचा फोटो कुणाला दाखवू? लोक म्हणतील, याचा पाइप पिळून बसवावा लागतो." त्यानं चष्मा पुसला. "तुला वाटत असेल की रागानं मीच तो परत फिरवला. वाटू दे. पण मी गेलो तेव्हा तो मधोमध होता, हेही तितकंच खरं."

शालूनं त्याच्या बोटांकडे बघितलं. नखं स्वच्छ, इस्त्रीच्या बाह्या पांढऱ्या. पाच रेघांनी त्याला आधीच सोडून दिलं होतं, पण ते तिनं त्याला सांगितलं नाही.

"तवा गाडीपाशी कोन होतं?"

"सार्थक. आणि काकांचा मुलगा, हिमांशू. बॉनेटपाशी उभं राहून हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. मला बघितल्यावर गप्प झाले."

४

हिमांशू वडिलांच्या शेजारी बाकावर बसून मोबाइल चाळत होता. शालूनं नाव घेताच उठून बाजूला आला. वडिलांना ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर.

"हे बघ, छुपाने जैसा कुछ नहीं है," तो म्हणाला. "मी सार्थकला सांगायला आलो होतो की गाडी आज देऊ नका. काहीतरी निमित्त काढा, दोन दिवस ठेवून घ्या."

"का म्हनून?"

"बाबा सत्तरीचे आहेत. घरात नवीन गाडी आहे, ड्रायव्हर मिळतो. पण नाही, यांना हीच चालवायची. त्यात गेल्या आठवड्यापासून गिअरचा दांडा त्यांच्या गुडघ्याला लागतोय. पुढे गर्दीत अडकला म्हणजे? सार्थकला म्हटलं, हेच कारण सांग."

"मग सार्थकदादा काय म्हनला?"

हिमांशूनं आठवून बघितलं. "काहीच नाही. त्याचा चेहरा उतरला. विचारलं, दांडा कधीपासून लागतोय. मी म्हटलं, इथून मागच्या शनिवारी गाडी नेली तेव्हापासून. मग म्हणाला, तू जा, मी बघतो. पण शालू, मी कशालाही हात लावलेला नाही. मला साधी स्टेपनी बदलता येत नाही."

हे मात्र खरं वाटलं.

ती काकांकडे गेली. ते पाठ ताठ ठेवून बसले होते, हातात चावी. राग ओसरून आता नुसतं वाईट वाटायला लागलं होतं, आणि ते बघणं शालूला जास्त जड गेलं.

"काका, गिअर गुडघ्याला लागतो म्हनं?"

"लागत होता. मागच्या शनिवारी इंजिनाची रबरं बदलली ना, तेव्हापासून. मी घरी बोललो, पण इथे नाही सांगितलं. म्हटलं, आपलंच वय झालं, बसणं वाकडं झालं असेल. गंमत म्हणजे आज नाही लागला. आत्ता बसलो तर दांडा पूर्वीसारखा सरळ."

शालूनं वळून खड्ड्यावरच्या गाडीकडे बघितलं.

"काका, मागच्या शनिवारी गाडी खड्ड्यावर कुनी घेतली होती?"

"मीच. घेऊ का म्हणून विचारलं, घे म्हणाले. व्यवस्थित रिव्हर्समध्ये लावली. आमच्या गल्लीत तशीच लावावी लागते, निघताना सोपं जातं. का गं?"

"सांगते," म्हणत शालू वळली. वळताना तिची नजर कॉम्प्रेसरवर गेली. तिथं सार्थकचा जेवणाचा डबा होता. त्याची आई डबा फडक्यात बांधून वर दोन गाठी मारते. दोन्ही गाठी जशाच्या तशा होत्या. तिनं डबा नुसता उचलून बघितला. जड होता.

५

सार्थक नळावर हात धूत होता. साबण, माती, परत साबण.

सात वर्षं इंजिनाचं काम करणारा, हाताचा पक्का माणूस. गाडी फाटकातून आत येतानाच नुसत्या आवाजावरून दुखणं सांगतो. शालू आली तेव्हा पाना कसा धरायचा हे तिला त्यानंच शिकवलं होतं, चेष्टा करत का होईना. उद्या संस्कृतीच्या घरची माणसं येणार होती. लग्न जवळजवळ ठरलेलं, फक्त पोराचं काम कुठं चालतं ते मुलीच्या वडिलांना डोळ्यांनी बघायचं होतं.

"दादा, दुपारी कुठं होता?"

"जेवलो. वर माडीवर जरा पडलो."

"काय होतं डब्यात?"

"नेहमीचंच," तो म्हणाला आणि नळ बंद करायला खाली वाकला. वाकलेला बराच वेळ तसाच राहिला.

शालूनं पुढं विचारलं नाही. डब्याचंही बोलली नाही. नळाशेजारी ट्रॉली जॅक होता आणि त्याच्यावर बाभळीचा चौकोनी ठोकळा. इंजिन उचलायचं असलं की जॅकचं लोखंड चेंबरला लागू नये म्हणून मधे ठेवतात तो. तिनं ठोकळा उलटा केला. त्याच्या पोटावर काळा चिकट मळ ओला चमकत होता.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. शालू खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली. आठवत बसली. गुरुवारी पाइप दोन बोटं उजवीकडं होता. आज दोन बोटं डावीकडं. मधे एकदा, तिनं जोड फिरवल्यावर, बरोबर मधोमध. जेवढा गुरुवारी इकडं, तेवढाच आज तिकडं. ना कमी, ना जास्त.

ती उठली आणि सरळ मालकांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"सगळ्यांना बोलवा. मला कळलं."

६

गाडीभोवती पाच माणसं जमली. मालक, काका, हिमांशू, मंदार आणि सगळ्यांच्या मागे, दाराला टेकून, सार्थक. शालू खड्ड्यात उभी, खांद्यापासून वरच दिसणारी. जन्मात एवढ्या लोकांसमोर ती बोलली नव्हती. आवाज मात्र नीट निघाला.

"पाइपाला कुनी हात लावला नाय. माझ्या पाच रेघा शाबूत हाईत, मालक, खाली येऊन बघा. आता पाइप हालला नाय आन् तरी जागा सोडली, तर मग काय हाललं?"

तिनं बॅटरीचा झोत इंजिनाकडे वळवला.

"पाइपाचं पुढचं टोक इंजिनाला बोल्टनं धरलेलं असतं. इंजिन जसं बसंल, तसा पाइप बसतो. इंजिन जरासं एका कुशीवर कललं की सगळा पाइप त्याच्यासंगं कलतो, आन् मागं तोंड दोन बोटं जातं. हाललं ते इंजिन."

"इंजिन कसं हलेल?" हिमांशू म्हणाला.

"इंजिन दोन रबरी गाद्यांवर बसतं. आमी त्याला फाउंडेशन म्हनतो. या गाडीत ड्रायव्हरकडची गादी अर्धं बोट जास्त जाड असती, दुसरी बारीक. दिसायला दोन्ही सारख्याच. मागच्या शनिवारी या गाद्या बदलल्या आन् त्यांची अदलाबदल झाली. जाड गादी पलीकडं गेली, ड्रायव्हरची बाजू खाली बसली, इंजिन तिकडं कललं. म्हनून गिअरचा दांडा काकांच्या गुडघ्याला लागाय लागला. काकांचं वय नाय झालं, इंजिन वाकडं झालं होतं."

काकांनी मुलाकडे बघितलं. हिमांशूनं मोबाइल खिशात टाकला.

"थांब," मालक म्हणाले. "अशी चूक माझ्या गॅरेजात व्हायची नाय. जाड फाउंडेशन रोडकडं, बारीक भिंतीकडं. आमच्या झोपेतबी चुकनार नाय ते."

"तेच तर, मालक."

आता बघा, या गॅरेजात डावं-उजवं कुणी म्हणत नाही. खड्डा रोडला समांतर, एका अंगाला दौलताबाद रोड, दुसऱ्या अंगाला भिंत. प्रत्येक गाडी नाक आत घालूनच खड्ड्यावर येते, मग ड्रायव्हरची बाजू आपोआप रोडकडं पडते. वीस वर्षं सगळी बोली तीच. रोडकडचा ब्रेक, भिंतीकडचा दिवा.

"मागच्या शनिवारी काकांनी गाडी उलटी लावली होती," शालू म्हणाली. "त्यांच्या गल्लीतली सवय. त्या दिवशी ड्रायव्हरची बाजू भिंतीकडं होती. जाड गादी नेहमीसारखी रोडकडं बसवली. झालं."

मालकांनी एकदा रोडकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. मंदार मात्र पुढे झाला, त्याचे डोळे लकाकत होते. "म्हणजे मी माप घेतलं ते त्याच्या आधी. सरळ इंजिनाचं."

"व्हय, मंदारदादा. तुमचा पाइप बरोबर होता. गुरुवारी तो उजवीकडं गेला, कारन इंजिन उजवीकडं कललं होतं. ते न बघता मी पाइपच फिरवला. वाकड्या इंजिनाला जुळवायला सरळ पाइप वाकडा केला मी. ती माझी चूक, आन् ती मी लिहिनार. पन आज दुपारी कुनीतरी गाद्या परत नीट केल्या. चेंबरवर ठोकळ्याची खूण हाय."

तिनं बाभळीचा ठोकळा उचलून त्या स्वच्छ चौकोनाला लावला. कडेला कड मिळाली. मालकांनी खाली वाकून बघितलं, मग मंदारनं, मग काकांनीसुद्धा, इस्त्रीचा शर्ट खड्ड्याच्या काठावर टेकवून.

"इंजिन आता सरळ हाय. म्हनून माझा फिरवलेला पाइप वाकडा दिसतो. जेवढा मी फिरवला होता तेवढाच."

"हे सगळं बोलनं झालं," मालक म्हणाले. आवाज खाली आला होता, तरी अजून मान्य करत नव्हता. "दाखवशील का?"

"दाखवते. मेंढरू दुसऱ्या कळपात गेलं तरी त्याची पहिली खून पुसायची नाय, असं आमचे आबा म्हनतात. गुरुवारी जोड फिरवायच्या आधी, मंदारदादांनी तो जसा दिला होता तसाच असताना, त्याच्या दोन्ही भागांवरून मी एक रेघ ओढून ठेवली होती. ही बघा. आता जोड सोडते आन् त्याच रेघेवर आनते. ठोकायचं नाय, वाकवायचं नाय, काही कापायचं नाय. मधोमध बसंल. नाय बसला, तर किल्ली तुमचीच."

तिनं मधल्या जोडाचा क्लॅम्प सैल केला. तिची आपलीच लाल रेघ तुटली. पाइप दोन्ही हातांनी धरून तिनं हळू फिरवला, दोन्ही भागांवरची जुनी रेघ एका ओळीत येईपर्यंत. नट आवळला. मग ती मागं सरकली. तिला वर बघवेना.

"मालक, बोटं घाला."

बद्रीनाथ बंपरमागे उकिडवे बसले. पाइपाच्या डावीकडं दोन बोटं घातली. उजवीकडं दोन बोटं. परत डावीकडं घातली. मग काकांना चावी फिरवायची खूण केली.

गाडी चालू झाली. इंजिनाचा खालच्या सुरातला आवाज तेवढा आला, बंपर मुकाट. काकांनी रेस वाढवली, कमी केली, परत वाढवली. मंदारनं मोबाइल काढला आणि पाइपाचे चार फोटो लागोपाठ काढले. शालूनं कपाळ पाइपाला टेकवलं, तो अजून गार होता, आणि ती खड्ड्यातल्या अंधारात एकटीच हसली. जिंकली होती ती. दुसरा शब्द नाही त्याला.

७

गाडी बंद झाल्यावर मालकांनी विचारायचं ते विचारलंच.

"दुपारी गाद्या कुनी बदलल्या?"

शालू खड्ड्यातून वर येत होती. तिनं हात फडक्याला पुसले. "ते मी नाय सांगनार. पाइप कसा सरकला, एवढंच सांगते म्हनले होते."

रोडवरून वेरूळची बस गेली. दारापाशी उभा असलेला सार्थक कुणी बोलवायच्या आत फळ्याकडे गेला आणि त्यानं खडू उचलला. खडू दोनदा मोडला. अक्षर त्याचं चांगलं आहे, पण त्या दिवशी ओळ खाली उतरत गेली.

"फाउंडेशन उलटी बसवली. कळल्यावर गुपचूप नीट केली. शालूवर आळ आला तरी तोंड उघडलं नाही. – सार्थक."

लिहून झाल्यावर तो शालूकडे वळला. "तू परत यायच्या आत आवरायची घाई, पाइपाकडे बघितलंच नाही मी. गाद्या बदलल्या, इंजिन खाली घेतलं, वाटलं झालं. खडखडाट ऐकला तेव्हा कळलं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं." त्यानं फळ्याकडे बोट केलं. "उद्या संस्कृतीचे वडील येणार. पहिलं हेच वाचतील."

"वाचू दे," शालू म्हणाली. "चूक झाल्यावर सोताच्या हातानं लिहिनारा जावई हाय, हेबी वाचतील. आन् आधी जेव तू. डबा तसाच हाय सकाळपासून."

तिनं त्याच्या हातातून उरलेला तुकडा घेतला आणि खाली लिहिलं, "इंजिन तपासलं नाही, नुसता पाइप फिरवला. – शालू." काका तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. "फार सुंदर केलंस बाळा," ते म्हणाले. हिमांशूला बोलावून त्यांनी चावी त्याच्या तळहातावर ठेवली. "जाताना तू चालव. दांडा कसा सरळ पडतो ते एकदा बघ. उद्या मात्र मीच चालवणार." हिमांशू हो म्हणाला. आता नाही म्हणायला त्याच्याकडे कारण उरलं नव्हतं.

शालू टेबलाकडे गेली तर किल्ली तिथं नव्हती.

किल्ली बद्रीनाथच्या डाव्या मुठीत होती आणि उजव्या हातात नवा खडू. वीस वर्षं गॅरेज चालवणारा मालक, स्वतःच्याच फळ्यासमोर, पहिल्या दिवसाच्या पोरासारखा अवघडून उभा. मग त्यांनी लिहिलं. अक्षर मोठं, इतकं मोठं की समोरच्या टपरीवरून वाचता यावं.

"न विचारता शालूला दोषी धरलं. – बद्रीनाथ."

टपरीवर कुणीतरी चहा ओतायचा थांबला. मालकांनी काळा दोरा शालूच्या हातात ठेवला. "सोमवारी नवाला," म्हणाले. "आन् हितून पुढं रोज नवाला."

शालूनं दोरा गळ्यात घातला. मग ती वेल्डिंगच्या खोलीत गेली, कुलूप उघडलं आणि लाल रंगाचा डबा घेऊन बाहेर आली. फळ्यापाशी येऊन तिनं ब्रश बुडवला आणि मालकांच्या नावावर एक बारीक रेघ ओढली, अर्धी खडूच्या अक्षरावर, अर्धी काळ्या फळ्यावर.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"आठ दिवस हाईत ना कायद्यात," शालू म्हणाली. "मधी कुनी पुसलं, तर मला कळंल."